उकडीचा रकाना लाल

ती. वन्सं यांना कोलकात्याहून धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार.

मी कोण ते पहिल्यांदाच सांगून टाकते. खिदिरपूरच्या गोदीत नोकरी केलेल्या तुमच्या धाकट्या भावाची मी बायको. मागच्या खेपेस हे सांगायचं राहिलं, तर तुम्ही पत्र शेवटपर्यंत वाचलंत, डोळे पुसलेत आणि शेजारणीला म्हणालात, "कोण का असेना बिचारी, फार सोसलंय हिने." (हे मला तुमच्याच शेजारणीने फोनवर सांगितलं. भोरमधली कोणतीही गोष्ट भोरमध्ये राहत नाही.) फोन न करता पत्र घालते त्याचंही कारण तेच. फोनवर तुम्ही "हो हो" म्हणता, ठेवता, आणि लगेच उलट फोन करून विचारता की मघाशी कोण बोलत होतं. कागदाचं बरं असतं, तो उशाखाली राहतो. तुमचे गुडघे कसे आहेत? एक दुखायचा, कोणता ते आठवतं ना? माझे दोन्ही दुखतात, त्यामुळे लक्षात ठेवायची भानगड नाही. बाकी प्रकृती उत्तम. पत्र वैशाली लिहिते आहे. मी सांगेन ते तसंच्या तसं लिहायचं, असा सुनेशी करार आहे. तिला पदरचं काही घालायचं असेल तर तिने स्वतःच्या नणंदेला वेगळं पत्र घालावं.

आता अमृताचं. अमृता म्हणजे माझ्या मुलाची, आपल्या श्रीधरची मुलगी, जिला दात आले का म्हणून तुम्ही अजून विचारता ती. दात आले, अक्कलदाढही आली, आणि आता ती सॉल्ट लेकला सेक्टर फाइव्हमधल्या एका कंपनीत नोकरीला लागली आहे. कंपनी मास्तर लोकांसाठी सॉफ्टवेअर करते. ते काय असतं, हे मला समजलं तसं सांगते. परीक्षा झाली की कोणत्या मुलाला कोणत्या प्रश्नात किती मार्क पडले ते बाईंनी कॉम्प्युटरात भरायचं. मग पडद्यावर चौकोनच चौकोन येतात, आपल्या गोधडीसारखे. प्रत्येक मुलाची एक आडवी ओळ आणि प्रत्येक प्रश्नाचा एक उभा रकाना. मुलाला येतं तिथे हिरवा चौकोन, अर्धवट येतं तिथे पिवळा, येत नाही तिथे लाल. लाल दिसला की बाईंनी त्या मुलाला ते पुन्हा शिकवायचं. इतकं सोपं आहे की माझ्यासारख्या अक्षरशत्रूलाही कळलं. पण अमृताचं काम शाळाशाळांत जाऊन मास्तरांकडून ते सुरू करून घ्यायचं, आणि तिथेच घोडं पेंड खातं.

मास्तर बिचारे लांबलांबून लोकलने येतात, दिवसभर घसा फोडतात, आणि घरी जायच्या वेळी ही पोर लॅपटॉप उघडून उभी. ते हाताची घडी घालून बसतात. कंपनीचे शिंगाडे खातात (शिंगाडा म्हणजे इथला सामोसा, आत बटाट्याबरोबर फुलकोबीही घालतात, तो पाठवता येत नाही, मागू नका). मग मान डोलावून "खूब भालो, खूब भालो" म्हणतात आणि पहिली लोकल पकडतात. एका शाळेत कोणीतरी सगळ्यांचा पासवर्ड विसरू नये म्हणून फळ्यावर लिहून ठेवला, आणि सकाळी शिपायाने फळा पुसला. तेवढ्यावर शिक्षण संपलं. दोन शाळा अशा गेल्या. पुढच्या आठवड्यात अमृता आपल्या मशिनीत बघते तर एकाही बाईंनी ते उघडलेलं नाही. साहेब म्हणाले, तिसरी शाळा शेवटची. तिथे सुरू झालं तर नोकरी पक्की, नाहीतर राम राम. नोकरी गेली तर ती बंगळुरूला मामाकडे जाऊन दुसरी शोधणार. आता मला सांगा, ती गेली तर संध्याकाळी माझ्याशी भांडायचं कोणी? श्रीधर टीव्ही लावतो. वैशाली भांडत नाही, गप्प बसते. आणि गप्प बसणाऱ्या माणसाशी एकटीने किती भांडणार? (लिही, वैशाली, करार आहे.) तेव्हा गरज अमृताची होती तेवढीच माझीही होती, हे आधी कबूल करून ठेवते.

तिसरी शाळा सियालदहजवळची. ती मिळाली निर्मलाच्या ओळखीने. निर्मला आपल्या मराठी मंडळातली, इथेच जन्मलेली, बापही इथेच जन्मलेला. मराठी बोलते ती रसगुल्ला तोंडात ठेवून बोलल्यासारखी, पण माणूस मोठं मानी. त्या शाळेत ती भूगोल शिकवते, आणि तिथल्या मोठ्या बाई तिला विचारल्याशिवाय घंटासुद्धा बदलत नाहीत. निर्मला "चालेल" म्हणाली तर शाळा चालणार, हे अमृताने मला बजावून सांगितलं होतं. मी मान डोलावली होती. (मास्तरांसारखीच.)

शाळेत जायच्या आधी अमृता माझ्यावर सराव करायला बसली. म्हणाली, "आजी, तुला जमलं तर जगातल्या कुठल्याही बाईंना जमेल." हे कौतुक की अपमान ते मला अजून ठरवता आलेलं नाही. ती नमुन्याचा वर्ग दाखवायला लागली, भागाकार न येणारी खोटी पोरं. मी म्हटलं, मी शाळेची पायरी चढले नाही, मला भागाकाराचं काय सांगतेस? माझ्या ओळखीचं काही घे. मग आम्ही मोदक घेतले. यंदा मंडळाच्या गणपतीला बायकांनी केलेल्या मोदकांची परीक्षा दरसालप्रमाणे मीच केली होती, आणि प्रत्येकीचा मोदक मला पाठ होता. बायका झाल्या विद्यार्थिनी. प्रश्न चार: सारण, कळ्या, वाफ आणि उकड. मला नावं वाचता येत नाहीत म्हणून अमृताने मंडळाच्या ग्रुपवरचे सगळ्यांचे फोटो लावले, आणि तो वर्ग मला सापडावा म्हणून त्याच्यावर एका मोदकाचं चित्र काढलं.

वन्सं, काय सांगू, मला इतकी मजा वर्षानुवर्षं आली नव्हती. मी नुसतं बोट ठेवायचं आणि चौकोन लाल. वैशालीचं सारण हिरवं, कळ्या पिवळ्या (मोजून सांगितल्या तरी कमीच पाडते), उकड लाल. निर्मलाचं सारण तर लालच लाल, कारण ती नारळात छेना (फाडलेल्या दुधाचा चोथा) घालते, आणि गणपतीला मोदकाऐवजी संदेश नावाची इथली मिठाई खाल्ल्यासारखं वाटत असणार. तो बिचारा बोलत नाही म्हणून बरं. कळ्याही लाल, वाफही लाल, उकड तर आहेच. अमृता म्हणाली, आजी, जरा हात राखून. मी म्हटलं, विद्येच्या दैवताच्या नैवेद्याला खोटे मार्क द्यायचे? सगळं भरून झालं तेव्हा शेवटचा रकाना, उकडीचा, वरपासून खालपर्यंत कुंकवासारखा लाल. एकही मोदक न फुटता पातेल्याबाहेर आला नव्हता. मी टाळीच वाजवली. बघ, म्हटलं, मी दरसाल सांगते, आजकालच्या बायकांना उकड जमत नाही, आणि आता कॉम्प्युटरनेही सांगितलं. अमृता काहीतरी बोलणार होती, पण माझा चेहरा बघून तिने लॅपटॉप मिटला. नात शहाणी आहे. आजीवर गेलेली नाही.

आता मी शाळेत कशाला गेले, असं तुम्ही विचाराल. अमृताच्या मनात एवढंच होतं, की माझी अक्षरओळख नसलेली आजीसुद्धा हे वापरते, असं तिथे तोंडी सांगावं. मी म्हटलं, सांगून कोण विश्वास ठेवतो, मला घेऊन चल. (शिंगाड्याचा विचार मनात आला नव्हता असं नाही.) मी ती लग्नातली अंजिरी साडी नेसले, जी तुम्ही दिली होतीत आणि नंतर कोणी दिली म्हणून मलाच विचारलं होतंत. सॉल्ट लेकहून मेट्रोने गेलो. सियालदहला सरकत्या जिन्यापाशी मी एक पाऊल पुढे टाकायची आणि दोन मागे, आणि पाठीमागे सगळं बंगाल खोळंबलेलं. शेवटी एका गृहस्थाने "माँ, चोख बंद करून" असं काहीतरी म्हटलं. मी डोळे मिटले आणि उघडले तेव्हा वर होते. नवी विद्या अशीच शिकायची असते असं मला वाटलं, आणि त्याच धुंदीत मी शाळेत शिरले. पुढच्या सगळ्याचं मूळ तिथे आहे.

वर्गात सगळे मास्तर आणि दिदिमणी (इथे बाईंना दिदिमणी म्हणतात) मुलांच्या बाकांवर अवघडून बसलेले, मागच्या रांगा आधी भरलेल्या. हाताच्या घड्या तयार. पुढे निर्मला, मोठ्या बाईंच्या शेजारी, पदर नीट करून, ही पोरगी आमच्यातली बरं का, अशा थाटात. खिडकीपाशी गणिताच्या दत्त दिदिमणी. त्यांनी मान वर केली नाही. मांडीवर सातवीच्या पेपरांचा गठ्ठा, हातात लाल पेन. अमृताने भिंतीवर मोठ्ठा पडदा लावला आणि बोलायला लागली. चांगलं बोलत होती हो! पण पाचदहा वाक्यांत एका मास्तरांनी घड्याळ बघितलं आणि एक दिदिमणी म्हणाल्या, आमची पोरं आम्हाला तोंडपाठ आहेत, चौकोन कशाला हवेत? सगळ्यांच्या माना त्या बाजूला डोलल्या. अमृताचा आवाज बारीक झाला. मला बंगळुरूची गाडी दिसायला लागली.

मग तिने मला बोलावलं. ठरलं असं होतं की मी नमुन्याचा वर्ग उघडायचा, त्या भागाकार न येणाऱ्या खोट्या पोरांचा. पण समोर तीन वर्गांची तीन चित्रं होती, एकात पुस्तक, एकात कसलीशी पट्टी, आणि एकात मोदक. वन्सं, घाबरलेल्या बाईला पुस्तक आणि मोदक यांतलं काय ओळखीचं वाटेल? माझं बोट गेलं, आणि भिंतीवर, छतापर्यंत उंच, दार्जिलिंगच्या सहलीतल्या फोटोतली, काळा चष्मा लावलेली निर्मला उगवली. तिच्यासमोर चार चौकोन, चारही लाल.

एका क्षणात सगळ्या हाताच्या घड्या सुटल्या. मागच्या रांगेतले मास्तर पुढे आले. कोणीतरी विचारलं, हे भूगोलाचे मार्क आहेत का? निर्मला उभी राहिली आणि शुद्ध मराठीत (रागावली की तिचं मराठी सुधारतं) म्हणाली, "काकू, हे काय आहे?" अमृता लॅपटॉपकडे धावली, वायरीत पाय अडकला, आणि पडद्यावर वैशालीचा फोटो निर्मलाहूनही मोठा झाला. (त्यात वैशाली चांगली दिसते, हे मी स्वतःहून सांगते आहे.) तेवढ्यात आवरतं घ्यावं, तर ती मी कसली? मला वाटलं, समजावून सांगितलं की निवळेल. मग मी बाजारात शिकलेल्या बंगालीत सुरू केलं: हे मोदक आहेत, गणपतीचा नैवेद्य, हे सारण, ही वाफ, आणि एकट्या निर्मलाचं काही नाही हो, हा शेवटचा रकाना बघा, उकडीचा, सगळ्याच नापास! आजकालच्या बायकांचं लक्षच नसतं! हे म्हणताना मी पडद्यावर वरून खाली हातसुद्धा फिरवला, बाजारात कापड दाखवतात तसा.

तेव्हा पहिल्यांदा दत्त दिदिमणींनी पेन खाली ठेवलं. चष्म्यावरून पडद्याकडे बघत त्या शांतपणे मला म्हणाल्या (ठाकुमा म्हणजे आजी), "ठाकुमा, एखादीची उकड फसली असती तर तिचं लक्ष नव्हतं म्हटलं असतं. इथे तर एकीचीसुद्धा जमलेली नाही. यांना ती शिकवली कोणी?"

मी छाती पुढे काढून म्हटलं, "मी!"

शब्द आधी तोंडातून गेला आणि मग डोक्यात पोचला. मग पहिली हसली ती निर्मला. साधंसुधं नाही, बाकावर हात आपटून. तिच्यामागे मोठ्या बाई, मग अख्खा वर्ग, आणि शेवटी अमृता, जी मला वाटतं निम्मी रडत होती. मंडळात आलेल्या प्रत्येक नव्या सुनेला उकड मीच शिकवली, वन्सं, दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. आणि इतकी वर्षं मोदक फुटले की मी म्हणत होते, इथला आतप म्हणतात तो तांदूळच तसला, गंगेचं पाणी जड, गॅसची आच खोटी, आणि बायका निष्काळजी. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात; माझं तर अख्खं बंगाल वाकडं.

हसणं थांबलं तेव्हा दत्त दिदिमणी मात्र हसत नव्हत्या. मांडीवरच्या गठ्ठ्याकडे बघत होत्या. म्हणाल्या, "एका पोराला आलं नाही तर पोराकडे बघायचं. सगळ्यांना आलं नाही तर..." उठल्या, गठ्ठा घेऊन अमृताशेजारी जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, माझं भर बघू. अमृता मार्क विचारायची, त्या सांगायच्या. अपूर्णांकांचा प्रश्न आला आणि तो रकाना हळूहळू लाल होत खाली उतरला, आमच्या उकडीसारखाच. त्यांनी बराच वेळ तो बघितला, "हं" म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. वन्सं, तुमच्या भावाची शपथ, त्या बाईने मला डोळा मारला. मग ज्यांना पोरं तोंडपाठ होती त्या दिदिमणी आपले पेपर आणायला कपाटाकडे गेल्या. लोकल चुकली तरी कोणी उठलं नाही. शिंगाडे गार झाले. (मी दोन खाल्ले. कोणाचं लक्ष नव्हतं.)

निर्मला "चालेल" म्हणाली, पण अट घालून. माघी गणपतीला मंडळात पुन्हा परीक्षा घ्यायची, त्या वेळी मी बाकावर बसायचं आणि मार्क ती देणार. मी म्हटलं, कबूल; आणि वर मोठेपणाने जाहीर केलं की त्याआधी मी सगळ्यांना उकड नव्याने शिकवीन, काही हातचं राखणार नाही. टाळ्या पडल्या. पुढच्या आठवड्यात अमृताने मशिनीत बघितलं तर त्या शाळेने रोज उघडलेलं होतं, नोकरी पक्की झाली, बंगळुरूची गाडी रिकामी गेली. संध्याकाळची भांडणं पूर्ववत सुरू आहेत. परवा तिने मोदकाच्या वर्गात माझाही फोटो लावला, सगळ्यांत खाली. माझ्यापुढचे चारही चौकोन अजून पांढरे आहेत. मी रोज एकदा उघडून बघते. मला वाचता येत नाही, वन्सं, पण ते चार चौकोन मला चांगले वाचता येतात.

असो. भाच्यांना, सुनांना आशीर्वाद. लहानांची नावं तुम्ही गाळाल म्हणून मीही गाळते. खाली जांभळा डाग आहे तो जांभळाचा नाही, माझा अंगठा आहे.

तुमची धाकटी भावजय

ता. क. पत्राचं खरं कारण सांगायचं राहिलंच. आंबेमोहराची पिठी पाठवा, ताजी, धुतलेल्या तांदळाची, सावलीत वाळवलेली. गाजावाजा न करता पाठवा. सगळ्यांना शिकवीन म्हटलं ते इथल्या पिठीवर. कोणत्या पिठीचे मोदक घेऊन मी परीक्षेला बसणार, याबद्दल कोणी विचारलेलं नाही.

ता. क. २. मला उकड कोणी शिकवली, आठवतं का? नाही आठवणार. तुम्ही शिकवलीत, लग्नानंतरच्या पहिल्या गणपतीला, भोरच्या चुलीपाशी. पाणी उकळायचं, मीठ, तूप, पिठी वैरायची, ढवळायचं, "आणि मग" असं म्हणालात आणि दारात कासार आला. तुम्ही बांगड्या भरायला गेलात आणि पुढचं सांगायचं विसरलात. नवी नवरी, विचारणार कशी? "आणि मग"च्या पुढचं सगळं मी मनाने केलं आहे. निववून घ्यायची आणि हात न भाजता मळायची, असं मी शिकवत आले. म्हणजे तो लाल रकाना भोरपर्यंत खाली येतो, वन्सं. वैशाली म्हणते, तिच्या माहेरी उकड झाकून वाफ आणतात आणि चटके बसत असतानाच मळतात. हे ती लग्न होऊन आली तेव्हापासून म्हणते आहे. मी म्हटलं होतं, तुमच्या नाशकात असेल.

ता. क. ३. हा मजकूर अमृताच्या हातचा आहे, म्हणून अक्षर असं मुंगीने शाईत बुडून चालल्यासारखं. वैशाली भाजी आणायला गेली आहे. तुमचं उत्तर मला तीच वाचून दाखवणार, तेव्हा तिचं माहेर बरोबर की मी, हे पत्रात लिहू नका. पिठीच्या डब्याबरोबर कळवा. उकड गरमच मळायची असेल तर सोबत मेतकूट पाठवा, निववून मळायची असेल तर थालीपिठाची भाजणी. मी डबा उघडला की समजेन. आठवत नसेल तर कोणाला विचारू नका. आणि आठवलं, तरी खरं काय असेल ते असो. तुम्ही आपली भाजणीच पाठवा.